जो हिल : एक भूत किती पानं पुरतं?

अमेरिकन भयकथालेखक जो हिलची कोणतीही गोष्ट उघडा, तिच्या मुळाशी एक वस्तू असते आणि त्या वस्तूचा एक नियम असतो. मेलेल्या माणसाचा सूट विकत घेतला की त्याचं भूतही घरी येतं. कपाळावर शिंगं उगवली की समोरचा माणूस मनातलं सगळं काळंबेरं आपणहून ओकतो. सायकल जिवाच्या आकांताने हाणली की कधीच पाडून टाकलेला पूल समोर उभा राहतो आणि त्याच्या पलीकडे हरवलेली गोष्ट सापडते. तार तुटलेला फोन वाजला की पलीकडून मेलेला मुलगा बोलतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये आलेल्या ‘किंग सॉरो’ या नव्या कादंबरीतही तेच आहे : ड्रॅगनला एकदा बोलावलं की दरवर्षी त्याला एक माणूस द्यावा लागतो.

असा एक नियम किती पानांचा भार पेलू शकतो, हे हिल वीस वर्षं तपासतो आहे. कधी वीस पानं, कधी पावणेचारशे, आता जवळपास नऊशे. त्याची पुस्तकं कोणत्या क्रमाने घ्यायची आणि वाचताना कुठे दम लागेल, हे याच हिशेबाने ठरवणं सोयीचं जातं.

आधी सुरुवातीच्या काळाबद्दल, कारण पुस्तक निवडताना तो उपयोगी पडतो. हिलचं पूर्ण नाव जोसेफ हिलस्ट्रॉम किंग, जन्म १९७२ चा. तो प्रख्यात भयकथालेखक स्टीफन किंग आणि लेखिका टॅबिथा किंग यांचा मुलगा. १९१५ साली अमेरिकेतल्या युटा राज्यात मृत्युदंड दिला गेलेल्या जो हिल या कामगार चळवळीतल्या गीतकारावरून त्याचं नाव ठेवलेलं होतं. लिहायला लागल्यावर त्याने ‘किंग’ गाळलं आणि साधारण दहा वर्षं वडील कोण आहेत हे संपादकांना कळू दिलं नाही. त्याच्या एजंटलाही बराच काळ ते ठाऊक नव्हतं. त्यामुळे त्या वर्षांतले नकार अगदी खरे आहेत. लिहून पूर्ण झालेल्या कादंबऱ्या कोणी घेतल्या नाहीत. छापून आल्या त्या कथा, त्याही लहान मासिकांत आणि निवडक संग्रहांत. २००५ मध्ये मार्व्हलने त्याची स्पायडरमॅनची अकरा पानी चित्रकथा घेतली. त्याच वर्षी ‘ट्वेंटिएथ सेंच्युरी घोस्ट्स’ हा पहिला कथासंग्रह आला, तो न्यूयॉर्कमधल्या बड्या प्रकाशकाकडून नव्हे, तर पीएस पब्लिशिंग या इंग्लंडमधल्या छोट्या संस्थेकडून. त्या संग्रहाला ब्रॅम स्टोकर आणि ब्रिटिश फँटसी पुरस्कार मिळाले, त्यातल्या ‘व्हॉलंटरी कमिटल’ या दीर्घकथेला वर्ल्ड फँटसी पुरस्कार मिळाला. वडिलांचं नाव २००६ मध्ये फुटलं. पहिली कादंबरी ‘हार्ट-शेप्ड बॉक्स’ फेब्रुवारी २००७ मध्ये विल्यम मॉरो या मोठ्या प्रकाशनाकडून आली.

या क्रमातून एक गोष्ट कळते. हिल मुळात कथालेखक आहे. कादंबरीचा पसारा तो नंतर शिकला आणि तो शिकत असतानाचे सांधे पुस्तकांत दिसतात. मराठी वाचकाला हे अजिबात परकं वाटणार नाही. आपल्याकडेही भय आणि गूढ यांची गोडी लागली ती नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांच्या कथांनी. एका बैठकीत वाचून संपणारी आणि दिवा मालवल्यावर आठवणारी ती गोष्ट ज्यांना आवडते, त्यांनी हिलच्या कादंबऱ्यांकडे लगेच वळूच नये.

सुरुवात ‘ट्वेंटिएथ सेंच्युरी घोस्ट्स’पासूनच करावी. पण विकत घेण्यापूर्वी एक सावधगिरी. ‘द ब्लॅक फोन’ हा चित्रपट आला तेव्हा हाच संग्रह ‘द ब्लॅक फोन’ या नावाने, चित्रपटाचं मुखपृष्ठ लावून पुन्हा बाजारात आणला गेला. आतल्या कथा त्याच. दोन वेगळी पुस्तकं समजून दोन्ही मागवली तर पैसे वाया जातात. मागवण्याआधी अनुक्रमणिका उघडून ‘बेस्ट न्यू हॉरर’ आणि ‘पॉप आर्ट’ ही नावं दिसतात का ते पाहावं. दिसली तर तोच संग्रह.

संग्रहात पंधरा कथा आहेत, आणि सोळावी शेवटच्या ऋणनिर्देशात लपवलेली. आभार मानता मानता हिल एका टाइपरायटरची गोष्ट सांगून जातो. ऋणनिर्देश न वाचता पुस्तक मिटणाऱ्यांच्या हातून ती निसटते. पदपथावर मिळणाऱ्या नकली प्रती घेऊच नयेत हे तर खरंच, पण जुन्या बाजारातली प्रत घेतानाही शेवटची पानं शाबूत आहेत ना, ते पाहून घ्यावं.

पहिली कथा ‘बेस्ट न्यू हॉरर’ म्हणजे भयकथा कशी लिहावी आणि कशी लिहू नये, याचा वर्गच. एडी कॅरल दरवर्षी भयकथांचा निवडक संग्रह संपादित करतो. तेच ते वाचून तो पार विटला आहे. एके दिवशी त्याच्या हाती एक कथा पडते, ती वाचून त्याचं रक्त पुन्हा उसळतं आणि तो तिच्या लेखकाच्या शोधात निघतो. वाचकाने हजार वेळा पाहिलेली प्रत्येक खूण हिल समोर मांडतो : आडबाजूचं घर, विचित्र भाऊ, बंद दार. एडीलाही त्या सगळ्या खुणा ओळखू येतात. तरीही तो आत जातो. जाणकार माणूस जाणूनबुजून सापळ्यात पाय ठेवतो, इथेच या कथेची खरी भीती आहे. रक्तपात मात्र बराच आहे. ज्यांना तो सोसत नाही त्यांनी ही कथा शेवटी वाचावी.

‘पॉप आर्ट’मध्ये भीतीचा लवलेश नाही, आणि संग्रहातली सर्वांत चांगली कथा तीच. आर्ट नावाचा मुलगा फुगवलेल्या प्लास्टिकचा आहे. त्याला बोलता येत नाही, तो लिहून दाखवतो. टाचणी लागली तर संपला. एवढा नियम दिला की पुढे शाळेतली दांडगी पोरं, कुत्री, ऊन, प्रत्येक साधी गोष्ट जीवघेणी होते. हिल या मुलाचं स्पष्टीकरण देत नाही आणि त्याच्यावर विनोदही करत नाही. ‘लास्ट ब्रेथ’मध्ये मेलेल्या माणसांचे शेवटचे श्वास बरण्यांत ठेवलेलं संग्रहालय आहे. ‘द केप’मध्ये लहानपणच्या पांघरुणाचा झगा घातला की उडता येतं, आणि ती शक्ती मोठेपणी एका कडवट, आळशी माणसाच्या हाती लागते. ‘व्हॉलंटरी कमिटल’मध्ये एक मुलगा तळघरात पुठ्ठ्याच्या खोक्यांची भुयारं जोडत जातो. त्या भुयारांचं दुसरं टोक घराच्या बाहेर कुठेतरी निघतं. खोकी कशी जोडली, भोकं कुठे पाडली, वळणं कशी घेतली, हे हिल इतक्या बारकाईने सांगतो की शेवटी भुयारात शिरलेला माणूस परत येत नाही, हे पटवायला त्याला वेगळे कष्ट पडत नाहीत. आधी सुतारकाम चोख, मग चमत्कार, ही त्याची पद्धत.

‘द ब्लॅक फोन’ ही मूळ कथा वीस-पंचवीस पानांची आहे. चित्रपट पाहून येणाऱ्याला ती तोकडी वाटते. मुखवटा घातलेला तो ग्रॅबर इथे नाही. इथे एक लठ्ठ माणूस, काळे फुगे, तळघर आणि फोन आहे. बहिणीच्या स्वप्नांचा धागाही चित्रपटात खूप वाढवलेला आहे. पटकथेने भर घातली हे खरं, पण कथेतली कोंडलेपणाची धग पडद्यावर विरळ झाली. ऑक्टोबर २०२५ मध्ये आलेला दुसरा चित्रपट कथेच्या पुढचा आहे, त्यातलं कथानक या पुस्तकात शोधू नये. बाकी ‘इन द रनडाउन’ आणि ‘द विडोज ब्रेकफास्ट’ अर्ध्यावर सोडल्यासारख्या वाटतात. वातावरण बांधून होतं आणि नेमकी गोष्ट सुरू होताना कथा थांबते.

आता ‘हार्ट-शेप्ड बॉक्स’. चोपन्न वर्षांचा रॉक गायक ज्यूड कॉइन विचित्र वस्तू जमवतो. फाशीचा वापरलेला दोर, नरभक्षकांसाठीचं पाकपुस्तक, असला त्याचा संग्रह. इंटरनेटवरच्या लिलावात कोणीतरी भूत विकायला काढलेलं असतं. ज्यूड हजार डॉलर मोजून ते घेतो. हृदयाच्या आकाराच्या काळ्या पेटीतून मेलेल्या म्हाताऱ्याचा सूट येतो आणि एका रात्री घरातल्या जुन्या खुर्चीत तो म्हातारा बसलेला दिसतो. त्याच्या डोळ्यांच्या जागी कोणीतरी काळ्या पेनने गिरवल्यासारखं गिचमिड.

हे डोळे हिलचे सर्वांत मोठे यश. भुताचं वर्णन करताना नवशिके लेखक विशेषणांचा ढीग घालतात. इथे फक्त एक दृश्य आहे आणि ते मुलांच्या वहीतून उचललेलं आहे, म्हणून डोक्यातून जात नाही. पहिली दीडशे पानं अशीच घट्ट आहेत. सूट कोणी पाठवला, का पाठवला, हे लवकर उघड होतं आणि तेही बरोबरच आहे. कारण भूत सूडासाठी आलेलं आहे आणि त्या सूडात ज्यूडचीही चूक आहे. सुटात राहिलेली टाचणी ज्यूडची मैत्रीण जॉर्जिया हिच्या अंगठ्याला टोचते आणि तो अंगठा पुढे पानोपानी सडत जातो. ज्यूड आपल्या मैत्रिणींना त्यांच्या राज्यांच्या नावाने हाक मारतो. जॉर्जियाला मेरीबेथ म्हणायला तो केव्हा लागतो, इकडे लक्ष ठेवून वाचावं. माणूस बदलल्याची पावती तिथे आहे.

कुठे घसरतं? घर सुटलं की. ज्यूड आणि जॉर्जिया दोन कुत्र्यांना घेऊन गाडीने दक्षिणेकडे निघतात आणि पाठलाग सुरू होतो. बंद घरात भुताला खुर्चीत नुसतं बसलं तरी पुरत होतं. रस्त्यावर त्याला ट्रक लागतो, गती लागते, आणि भीतीची जागा धावपळ घेते. हातात वस्तू आणि नियम दोन्ही असून जागा बदलल्यामुळे नियम सैल पडतो. मधली शंभरेक पानं यामुळे लांबतात. शेवटी ज्यूडच्या मरणासन्न बापाच्या घरी पोचल्यावर पुन्हा चार भिंती मिळतात आणि पुस्तक सावरतं. लहान मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराचा विषय कथानकाच्या गाभ्यात आहे, हे घेण्यापूर्वी माहीत असावं. सगळं जमेस धरून पहिली कादंबरी म्हणून हे पुस्तक भक्कम आहे, आणि हिलची एकच कादंबरी वाचायची असेल तर हीच वाचावी.

‘हॉर्न्स’ २०१० ची. प्रेयसीच्या खुनाचा संशय असलेला इग पेरिश दारूच्या धुंदीतून उठतो तर डोक्यावर शिंगं. आणि त्याच्यासमोर आलेला प्रत्येकजण मनातली घाण बोलून दाखवतो : डॉक्टर, पाद्री, स्वतःचे आईवडील. आईवडिलांसोबतचा तो प्रसंग वाचताना पोटात खड्डा पडतो. हा नियम हिलच्या सगळ्या नियमांत श्रेष्ठ आहे, आणि तो सर्वांत लवकर खर्च होतो. खुनी कोण हे लवकरच कळतं. मग कादंबरी बालपणात जाते, तिथे बराच काळ रमते, आणि शिंगांचा धाक विसरल्यासारखा होतो. बालपणाची ती पानं स्वतंत्र कथा म्हणून सुरेख आहेत, पण जिथे घातली आहेत तिथे ती मूळ गोष्टीचा वेग मारतात. २०१३ चा डॅनियल रॅडक्लिफचा चित्रपट पुस्तकाच्या मानाने बराच सपाट आहे.

२०१३ ची मोठी कादंबरी नावातच घोटाळा करते. नोस्फेरातू (म्हणजे रक्तपिपासू पिशाच) हा शब्द गाडीच्या नंबरप्लेटवर बसवला आहे : एन-ओ-एस-४-ए-२. इंग्लंडच्या आवृत्तीत तिथल्या उच्चाराप्रमाणे ‘ए’च्या जागी ‘आर’ आहे. दोन्ही एकच पुस्तक, एकच घ्यावं. चार्ली मँक्स मुलांना १९३८ च्या रोल्स-रॉइस रेथ गाडीतून ‘ख्रिसमसलँड’ला नेतो, जिथे रोज नाताळ असतो आणि मुलं मुलं राहत नाहीत. त्याच्याविरुद्ध उभी राहते पुलावरून जाणारी व्हिक मॅक्वीन. सुमारे सातशे पानं, आणि इथे हिलला लांबीचं गणित पहिल्यांदा जमलं. कारण नियमाला त्याने किंमत लावली : पूल ओलांडला की व्हिकचं डोकं फुटायला येतं, ताप चढतो, पुढे मनही ढळतं. नियम वापरायला जितका महाग, तितका तो टिकतो. शेवटी ‘वापरलेल्या टाइपाविषयी’ अशी एक निरुपद्रवी दिसणारी नोंद आहे, तीही वाचा. गोष्टीचं शेपूट तिथे आहे.

‘द फायरमन’ (२०१६) न्यूयॉर्क टाइम्सच्या खपाच्या यादीत थेट पहिल्या क्रमांकावर आली. अंगावर सुंदर नक्षीसारखी बुरशी उमटते आणि माणूस पेटून उठतो, ही साथ चांगली रंगवली आहे. निर्वासितांच्या छावणीतलं राजकारण मात्र फार लांबलं आहे. घाई नसेल तरच हाती घ्यावी. ‘स्ट्रेंज वेदर’ (२०१७) या चार लघुकादंबऱ्यांपैकी ‘स्नॅपशॉट’ जरूर वाचावी. ‘लोडेड’मध्ये भूत एकही नाही, फक्त बंदूक आहे, आणि ती चारांत सर्वांत भयानक आहे. ‘फुल थ्रॉटल’ (२०१९) मध्ये तेरा कथा आहेत, त्यांतल्या दोन वडिलांसोबत लिहिलेल्या.

मग ‘द फायरमन’नंतर नऊ वर्षांनी कादंबरी, ‘किंग सॉरो’. मेन राज्यातल्या रॅकम कॉलेजात आर्थर ओक्स शिकतो. गावातली एक अमली पदार्थ विकणारी बाई आणि तिचा साथीदार त्याला कोंडीत पकडतात आणि कॉलेजच्या ग्रंथालयातून दुर्मीळ पुस्तकं चोरायला लावतात. त्याचे पाच मित्र-मैत्रिणी त्याला सोडवायला एक अघोरी उपाय काढतात. स्वतः लेखकाच्याच कातडीत बांधलेल्या एका रोजनिशीच्या आधारे ते ड्रॅगनला बोलावतात. काम होतं. मग कळतं की करार एकदाचा नव्हता. दरवर्षी एक बळी ठरवायचा, नाहीतर सहांपैकी एकजण जाणार.

हा नियम नऊशे पानं पेलतो का? बहुतांशी हो. त्याचं कारण नियमाच्या रचनेतच आहे. सूट एकदाच येतो, शिंगं एकदाच उगवतात. हा करार दरसाल नवा होतो. त्यामुळे कादंबरीला आपोआप हप्ते पडतात आणि प्रत्येक हप्त्यात कथालेखक हिलला मोकळं रान मिळतं. शिवाय प्रत्येक बळीबरोबर प्रश्न बदलतो. पहिल्या वर्षी नाव ठरवणं सोपं असतं, समोर खरा दुष्ट माणूस असतो. पुढे ‘हा मरायलाच हवा’ हे ठरवण्याची त्या सहांना सवय लागते, आणि ड्रॅगनपेक्षा त्या सवयीची धास्ती वाटायला लागते. ड्रॅगन बोलतो, गोड बोलतो, आणि त्याचं बोलणं हेच त्याचं हत्यार आहे.

अडचणी दोन. पहिली, सहाही पात्रं सुरुवातीलाच एकदम येतात आणि त्यांतली दोन जुळी आहेत, डोना आणि डोनोव्हन मॅकब्राइड. पहिल्या पन्नास पानांत आर्थर, ग्वेन, कॉलिन, अ‍ॅलिसन आणि ही जुळी अशी नावं कागदावर टिपून ठेवली तर पुढचा गोंधळ टळतो. दुसरी अडचण मधल्या वर्षांची. माणसं पांगतात, संसारात पडतात, आणि एका पात्रावर रेंगाळताना दुसरी पाच पुसट होतात. पुस्तक खंडांत विभागलेलं आहे. एक खंड संपला की दोन दिवस थांबून पुढचा घ्यावा. खंड अर्ध्यात सोडला तर धागा हमखास सुटतो. जाडी इतकी की कठीण बांधणीची प्रत झोपून वाचणं मनगटाला जड जातं. लोकलमध्ये वाचायचं असेल तर ई-बुकच बरं. त्यात शब्दावर बोट ठेवलं की अर्थही मिळतो, आणि न्यू इंग्लंडची बोली व रॉक संगीताचे संदर्भ यांमुळे हिल वाचताना त्याची गरज पडते.

कान मोकळे असतील तर ध्वनिपुस्तकं चांगली आहेत. मँक्सची ती सातशे पानं केट मलग्रूने वाचली आहेत. म्हाताऱ्या मँक्सचा आवाज तिने असा लावला आहे की तो गोड आजोबाही वाटतो आणि अंगावर काटाही आणतो. ‘हार्ट-शेप्ड बॉक्स’ला स्टीफन लँगचा खर्जातला आवाज आहे. इंग्रजी ऐकण्याची सवय नसेल तर वेग थोडा कमी करून, पुस्तक समोर धरून ऐकावं.

‘लॉक अँड की’ ही हिलने लिहिलेली, जादूच्या किल्ल्यांची चित्रकथामालिका फोनवर वाचू नये. चित्रकार गॅब्रिएल रॉड्रिगेझच्या चौकटींत किल्ल्या आणि सावल्या अगदी कोपऱ्यात काढलेल्या असतात, लहान पडद्यावर त्या दिसतच नाहीत. मुख्य कथानक सहा खंडांत पूर्ण होतं. पहिला खंड हिंसक आहे आणि चित्रात तो जास्त बोचतो. तिसऱ्या खंडापासून किल्ल्यांचे नियम एकमेकांत अडकायला लागतात, तिथून पुढे मागची पानं उलटून पाहावी लागतात, म्हणून सहाही खंड हाताशी असतील तेव्हाच सुरुवात करावी.